तुमच्या गैरहजेरीत बोलणारं पत्र: कंपनीकडे तक्रार कशी लिहावी

आईचं श्रवणयंत्र पाच आठवड्यांत दुसऱ्यांदा बंद पडलं, तेव्हा मी विक्रेत्या कंपनीला चार पानी पत्र लिहिलं. आई जेवायला बसल्यावर बोलेनाशी झाली आहे, दाराची बेल तिला ऐकू येत नाही, फोन वाजला की ती तो दुसऱ्याच्या हातात देते, असं सगळं त्यात होतं. एकेक शब्द खरा होता. उत्तर दोन ओळींचं आलं: आपल्या गैरसोयीबद्दल खेद आहे, तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे. पुढचे तीन आठवडे काहीच नाही.

मग एका रात्री तेच पत्र मी परक्या माणसाच्या नजरेनं वाचायला घेतलं. चार पानांत यंत्राचा सीरियल नंबर कुठेच नव्हता. खरेदीची तारीख तिसऱ्या पानावर होती, तीही ‘जूनच्या सुरुवातीला’ अशी. मला दुरुस्ती हवी होती, नवीन यंत्र हवं होतं की पैसे परत हवे होते, हेही लिहिलेलं नव्हतं. शेवटी फक्त ‘आम्हाला योग्य तो न्याय मिळावा’. दुसरं पत्र एका पानात बसलं आणि नवव्या दिवशी नवीन यंत्र घरी आलं.

तेव्हापासून ओळखीतल्या अनेकांची तक्रारपत्रं मी वाचून, दुरुस्त करून दिली आहेत. एक गोष्ट प्रत्येक वेळी पुन्हा पटते. तुमचं पत्र जो पहिल्यांदा उघडतो, त्याला निर्णयाचा अधिकार बहुधा नसतो. तो ते वरिष्ठाकडे सरकवतो, तिथून ते तांत्रिक विभागाकडे, मग हिशेब विभागाकडे जातं. प्रकरण लांबलं तर कायदा विभागाकडे आणि शेवटी कंपनीबाहेरच्या एखाद्या लोकपालाच्या (म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याच्या) किंवा ग्राहक न्यायालयाच्या टेबलावर. या साऱ्या प्रवासात तुम्ही कुठेच नसता, तुमचा कागद असतो. म्हणून पत्राची कसोटी एकच धरा: तुम्हाला, त्या वस्तूला आणि आधीच्या फोनाफोनीला अजिबात न ओळखणाऱ्या माणसाला हे पत्र एकदा वाचून निर्णय घेता येईल का? पुढचं सगळं या कसोटीसाठी आहे.

आधी मागणी ठरवा

लिहायला बसण्याआधी एका कोऱ्या कागदावर एकच वाक्य लिहा: ‘मला अमुक हवं आहे, अमुक तारखेपर्यंत.’ हे वाक्य जमत नसेल तर पत्र लिहायची वेळ अजून आलेली नाही. रागात आपल्याला काय झालं ते सांगायचं असतं. समोरच्याला मात्र काय करायचं ते कळायला हवं असतं.

मागणी साधारण या प्रकारांतली असते: वस्तू दुरुस्त करून द्या, बदलून द्या, पैसे परत करा, किमतीतला काही भाग परत करा, चुकीचं बिल किंवा चुकीची नोंद दुरुस्त करा, कबूल केलेलं काम पूर्ण करा, झालेला खर्च भरून द्या. कधी नुसतं लेखी स्पष्टीकरण किंवा माफीही पुरेशी असते, आणि तसं असेल तर तेच मागावं. अशी पत्रं मी पाहिली आहेत आणि त्यांना मनापासून उत्तरं आलेलीही पाहिली आहेत.

परतावा आणि नुकसानभरपाई यांत गल्लत करू नका. दिलेले पैसे मागे मागणं म्हणजे परतावा. वस्तू बिघडल्यामुळे तुम्हाला जो वेगळा खर्च करावा लागला, तो मागणं म्हणजे नुकसानभरपाई. परताव्याला बिल पुरतं. भरपाईसाठी त्या खर्चाची पावती लागते आणि तो खर्च त्या बिघाडामुळेच झाला हेही दाखवावं लागतं. दोन्ही मागायचे असतील तर वेगवेगळ्या ओळींत, वेगवेगळ्या रकमांसह मागा. एकच मोठा आकडा लिहिला की वाचणाऱ्याला त्यातला योग्य भागही फुगवलेला वाटतो.

एक मुख्य मागणी आणि ती शक्य नसेल तर एक पर्याय, एवढं पुरे. पाच पर्याय दिले तर त्यांतला सर्वांत स्वस्त निवडला जाईल.

जगातली सर्वांत जुनी तक्रार म्हणून जी ओळखली जाते, ती मातीची पाटी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. इसवी सनापूर्वी १७५० च्या सुमारास मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, ऊर नगरातल्या एआ-नासिर नावाच्या तांब्याच्या व्यापाऱ्याला नान्नी नावाच्या ग्राहकानं ती लिहवून पाठवली. चांगल्या प्रतीचं तांबं देण्याचा शब्द दिला होता, प्रत्यक्षात हलक्या प्रतीचं पुढे केलं, घ्यायचं तर घ्या नाहीतर जा असं निरोप्याला सुनावलं, त्याला रिकाम्या हातांनी परत पाठवलं, असं नान्नी सांगतो. मग पैसे पूर्ण परत कर म्हणतो, आणि यापुढे माल मी माझ्या अंगणात एकेक करून निवडून घेईन, हलका माल नाकारीन, असं बजावतो. दिलेला शब्द, प्रत्यक्ष घडलेलं, मागणी आणि पुढचं पाऊल, असं चारही त्यात आहे. पाटीत नाही ती तारीख. पैसे कधीपर्यंत परत करायचे, ते नान्नीनं सांगितलेलं नाही. आजही बहुतेक पत्रांत नेमकी तीच जागा रिकामी असते.

कागद जमवण्याचं काम

निम्मं काम इथे आहे आणि ते कंटाळवाणं आहे. एका वहीत किंवा फाइलीत तीन रकाने आखा: तारीख, काय घडलं, पुरावा काय. वस्तू पाहिल्याच्या किंवा जाहिरात वाचल्याच्या दिवसापासून आजपर्यंत सगळं त्यात भरा. तिसरा रकाना जिथे रिकामा राहील, तिथे तुमची बाजू लंगडी आहे. त्या जागी एखादा स्क्रीनशॉट किंवा बँकेच्या खात्यातली नोंद मिळते का ते शोधा.

माझ्या प्रकरणात निकाल लागला तो सर्व्हिस सेंटरच्या जॉब शीटवर, म्हणजे काय दुरुस्त केलं त्याची नोंद असलेल्या कागदावर. दुसऱ्यांदा यंत्र नेलं तेव्हा काउंटरवर सांगितलं गेलं की ओलावा आत गेला आहे, हे वॉरंटीत बसत नाही. पण पहिल्या दुरुस्तीच्या जॉब शीटवर हातानं ‘रिसीव्हर बदलला’ (यंत्रातला आवाज कानात सोडणारा भाग) एवढंच लिहिलेलं होतं. ओलाव्याचा शब्दही नव्हता. चार पानी पत्र लिहिलं तेव्हा हा कागद टेबलाच्या खणातच होता आणि मी तो जोडला नव्हता. म्हणून सांगते, दुरुस्तीला काहीही द्याल तेव्हा जमा केल्याची पावती घ्या आणि परत घेताना काय केलं ते लिहून घ्या. ते वाचल्याशिवाय तिथून हलू नका.

आणखी काही सवयी उपयोगी पडतात. जाहिरातीचं किंवा वस्तूच्या माहितीचं पान तारखेसह जपून ठेवा, कारण तक्रार आल्यावर वेबसाइटवरचा मजकूर बदलू शकतो. फोटो काढताना एक लांबून आणि एक जवळून काढा, आणि एखाद्या फोटोत सीरियल नंबर किंवा लेबल दिसू द्या, नाहीतर ती वस्तू तुमचीच हे ठरत नाही. चॅटवर बोलणं झालं असेल तर खिडकी बंद करण्याआधी ते जतन करा. फुटलेली वस्तू, खोकं, आतलं पॅकिंग यांतलं काहीही प्रकरण मिटेपर्यंत टाकू नका आणि परस्पर दुसऱ्याकडून दुरुस्तही करून घेऊ नका. उघडलेली वस्तू आधीच कोणीतरी बिघडवली होती, असं म्हणायला जागा मिळते.

फोनवरच्या संभाषणाचा पुरावा नसतो, पण तो तयार करता येतो. फोन ठेवल्यावर लगेच कंपनीला दोन ओळींचा ईमेल करा: ‘आज दुपारी ३ वाजता आपल्या प्रतिनिधीशी बोलणं झालं. सात दिवसांत माणूस पाठवू असं त्यांनी सांगितलं. यात काही चूक असेल तर कळवावं.’ उत्तर आलं नाही तरी त्या दिवशीची लेखी नोंद झाली. दोनदा फोन करूनही काम झालं नाही, तर तिसरा फोन न करता पत्राला बसा.

मूळ कागद कधीही पाठवू नका, प्रतीच पाठवा. प्रत्येक प्रतीवर वरच्या कोपऱ्यात जोडपत्र १, जोडपत्र २ असे क्रमांक घाला आणि पत्रातल्या वाक्यांत तेच क्रमांक द्या. बँकेचा उतारा जोडायचा असेल तर नको त्या नोंदी झाका.

पत्र कोणाच्या नावे?

पहिला प्रश्न असा की पैसे तुम्ही कोणाला दिले? बिलावर ज्याचं नाव आहे, सौदा बहुधा त्याच्याशी झालेला असतो. उत्पादकाची वॉरंटी ही वेगळी बाब. अनेकदा विक्रेता उत्पादकाकडे बोट दाखवतो, उत्पादक विक्रेत्याकडे आणि दोघं मिळून कुरिअरकडे. अशा वेळी पत्र विक्रेत्याला लिहा आणि त्याची प्रत उत्पादकाला द्या. पत्राच्या तळाशी ‘प्रत:’ असं लिहून दोघांची नावं दिसू द्या. मग एकमेकांकडे ढकलणं दोघांनाही अवघड जातं. ऑनलाइन बाजारातून खरेदी असेल तर विक्रेता आणि ती बाजारपेठ चालवणारी कंपनी, दोघांनाही कळवा.

पत्ता बिलावरून, करारावरून किंवा कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून घ्या. तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असेल तर त्या पदाच्या नावे लिहा. माणसं बदलतात, पद टिकतं. इंटरनेटवर शोधून सापडलेल्या ‘ग्राहक सेवा’ क्रमांकांपासून सावध राहा. भामटे असे खोटे क्रमांक पसरवतात आणि परतावा देतो म्हणून कार्डाची माहिती किंवा ओटीपी मागतात. खऱ्या परताव्यासाठी ओटीपी लागत नाही.

एकदम मालकाला किंवा संचालकाला लिहावं का? पहिलं पत्र नाही. तिथून ते खालीच पाठवलं जातं आणि नेमलेल्या मार्गानं का आला नाहीत, असं उत्तर मिळू शकतं. पहिल्या पत्राची मुदत टळली की मग जरूर लिहा.

आपल्या भाषेतल्या काही खोडी

अर्ज लिहायला शाळेत शिकलो तेव्हापासून काही वाक्यं हाताला चिकटून बसली आहेत. ‘वरील विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की’ या वाक्यानं पत्राची पहिली ओळ फुकट जाते. वाचणाऱ्याचं लक्ष त्या ओळीवर सर्वाधिक असतं. तिथे वस्तू, तारीख आणि बिघाड यायला हवा.

त्याहून घातक वाक्य म्हणजे ‘तरी कृपया योग्य ती कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती.’ योग्य ती म्हणजे कोणती, ते कंपनीनं ठरवायचं? तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली, ही त्यांच्या दृष्टीनं योग्य कार्यवाहीच असते. मला आलेलं उत्तर, खरं सांगायचं तर, मी मागितलेल्या गोष्टीला साजेसंच होतं.

काही शब्द पत्रात दिसले की तिथे थांबा. ‘वारंवार फोन केले’: किती वेळा, कोणत्या तारखांना? ‘नुकतीच खरेदी केली’: कधी? ‘लवकरात लवकर’: कोणत्या तारखेपर्यंत? ‘निकृष्ट दर्जा’: नेमकं काय झालं, शिवण उसवली, रंग गेला की मोटार बंद पडली? ‘आपल्या कर्मचाऱ्यानं उर्मट वागणूक दिली’: तो काय बोलला, ते शब्द जसेच्या तसे अवतरणात द्या आणि विशेषण काढून टाका. अवतरण वाचून राग वाचणाऱ्याला यायला हवा, तुम्ही तो लिहून दाखवायची गरज नाही.

‘फसवणूक’, ‘लूट’, ‘चोर’ हे शब्द टाळा. फसवणूक म्हणजे जाणूनबुजून केलेला गुन्हा. तो तुम्हाला सिद्ध करता येणार नसेल तर पत्र कायदा विभागात जाऊन अडकतं, आणि बदनामीचा दावा लावण्याची धमकीही येऊ शकते. ‘जाहिरातीत अमुक सांगितलं होतं, प्रत्यक्षात तमुक मिळालं’ एवढं पुराव्यानिशी लिहिलं तर निष्कर्ष वाचणारा स्वतः काढतो.

नम्र राहावं, पण याचक होऊ नये. १५ मार्च १९६२ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांनी तिथल्या संसदेला (काँग्रेसला) पाठवलेल्या संदेशात ग्राहकाचे चार हक्क मांडले: सुरक्षिततेचा, माहितीचा, निवडीचा आणि आपलं म्हणणं ऐकून घेतलं जाण्याचा. १५ मार्च हा जागतिक ग्राहक हक्क दिन त्यावरूनच आला. पुढे १९८५ साली संयुक्त राष्ट्रांनी ग्राहक संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. तेव्हा पैसे मोजून घेतलेल्या वस्तूबद्दल ‘मेहेरबानी करून’ लिहायचं कारण नाही. ‘अशी माझी मागणी आहे’ हे वाक्य सभ्यच आहे.

मनस्तापाबद्दल काहीच लिहायचं नाही का? एक वाक्य लिहा, आणि तेही निर्णयाला उपयोगी पडेल असं. ‘या यंत्राविना आईला फोनवर बोलता येत नाही’ या वाक्यातून तातडी कळते. चार पानं लिहून मी यापेक्षा जास्त काही सांगितलं नव्हतं.

कायद्याची कलमं स्वतः वाचली असतील तरच टाका. हल्ली तयार नमुन्यांतून आणि सॉफ्टवेअरनं लिहून दिलेल्या पत्रांतून भारदस्त पण चुकीची कलमं येतात. एक कलम चुकलं की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचा विश्वासही उडतो. त्यापेक्षा कंपनीच्याच वॉरंटी कार्डावरची किंवा अटींमधली ओळ शब्दशः उद्धृत करा.

एक पूर्ण नमुना

माझं दुसरं पत्र साधारण असं होतं. ठिपक्यांच्या जागी क्रमांक होते.

*दिनांक: ५ ऑगस्ट*

*प्रति, तक्रार निवारण अधिकारी, …*

*विषय: श्रवणयंत्र (मॉडेल …, सीरियल नंबर …) वॉरंटीत दोनदा बंद पडल्याने बदलून मिळण्याबाबत. बिल क्र. …, तक्रार क्र. …*

*महोदय/महोदया,*

*३ जून रोजी आपल्या दालनातून घेतलेलं वरील श्रवणयंत्र ३५ दिवसांत दोनदा बंद पडलं. त्याला २ वर्षांची वॉरंटी आहे. त्याच मॉडेलचं नवीन यंत्र २० ऑगस्टपर्यंत मिळावं, अशी माझी मागणी आहे.*

*घटनाक्रम:*
*३ जून: खरेदी (जोडपत्र १: बिल, जोडपत्र २: वॉरंटी कार्ड).*
*१९ जून: डाव्या यंत्रातून आवाज येणं पूर्ण बंद. त्याच दिवशी सर्व्हिस सेंटरमध्ये जमा.*
*२४ जून: ‘रिसीव्हर बदलला’ या नोंदीसह परत (जोडपत्र ३: जॉब शीट).*
*८ जुलै: त्याच डाव्या यंत्रातून आवाज पुन्हा बंद.*
*९ जुलै: ओलाव्यामुळे बिघाड असून तो वॉरंटीत बसत नाही, असं सर्व्हिस सेंटरमध्ये तोंडी सांगितलं. लेखी मागितलं, ते दिलं नाही.*
*१२ जुलै: माझं पहिलं पत्र. १४ जुलै: आपलं उत्तर (जोडपत्र ४). त्यानंतर काही कळवलेलं नाही.*

*ओलाव्याचं कारण मला मान्य नाही. पहिल्या दुरुस्तीच्या जॉब शीटमध्ये ओलाव्याचा उल्लेख नाही. दुसऱ्यांदा बंद पडलेलं यंत्र तेच आहे आणि लक्षणही तेच आहे. ओलाव्याचा निष्कर्ष कशावरून काढला, याचा तपासणी अहवाल मला दिलेला नाही.*

*ते मॉडेल उपलब्ध नसल्यास बिलाची पूर्ण रक्कम त्याच तारखेपर्यंत परत करावी. हे यंत्र माझी आई वापरते आणि त्याविना तिला फोनवर बोलता येत नाही, म्हणून तातडी आहे.*

*२० ऑगस्टपर्यंत लेखी उत्तर न आल्यास हे पत्र जोडपत्रांसह ग्राहक तक्रार यंत्रणेकडे दाखल करेन.*

*आपली, …*
*संपर्क: …*
*जोडपत्रं: ४*

मागणी पहिल्याच परिच्छेदात आहे, हे लक्षात घ्या. पुढचं काहीही न वाचता अधिकाऱ्याला आपल्याकडून काय अपेक्षित आहे ते कळतं. घटनाक्रमाची प्रत्येक ओळ तारखेनं सुरू होते. कंपनीचं म्हणणं मी लपवलेलं नाही. तेही मांडलं आणि मग ते का टिकत नाही ते सांगितलं. ही पायरी बहुतेक जण गाळतात. आपल्या विरुद्ध जाणारा मुद्दा पत्रात आलाच नाही की उत्तरात तोच पहिला येतो आणि आणखी एक महिना जातो.

शेवटच्या ओळीत पुढच्या पावलाची माहिती आहे, धमकी नाही. जे करणार नाही ते लिहू नका. टीव्हीवर जाईन, दुकान बंद पाडेन असली वाक्यं वाचणाऱ्यानं खूप पाहिलेली असतात. मुदत वाजवी द्या. साध्या गोष्टीला १४-१५ दिवस ठीक. बिघाडात आगीचा, विजेच्या धक्क्याचा किंवा प्रकृतीचा धोका असेल तर दोन-तीन दिवस द्या, वस्तू वापरणं थांबवा आणि धोक्याची गोष्ट पहिल्याच ओळीत लिहा.

पाठवणं

लिहून झाल्यावर पत्र एक रात्र तसंच ठेवा. सकाळी या प्रकरणाची काहीच माहिती नसलेल्या माणसाला वाचायला द्या आणि विचारा, मला काय हवंय? त्यानं अडखळत उत्तर दिलं तर पत्र अजून तयार नाही.

शक्यतो दोन मार्गांनी पाठवा: ईमेलनं आणि पोचपावती मिळेल अशा टपालानं. पोचपावती जपा, कारण मुदत कधीपासून मोजायची ते तिच्यावरून ठरतं. ईमेलच्या विषयात बिल क्रमांक आणि मागणी घाला, नुसतं ‘तक्रार’ नको. जोडपत्रांच्या फाइलींना नीट नावं द्या. ‘जोडपत्र-३-जॉब-शीट’ आणि फोनच्या कॅमेऱ्यानं दिलेलं आकड्यांचं नाव यांत फरक पडतो.

वेबसाइटवरचा तक्रार अर्ज हा सर्वांत गैरसोयीचा मार्ग. अक्षरांची मर्यादा असते, मजकुराची प्रत आपल्याकडे राहत नाही आणि ‘पाठवा’ दाबल्यावर कधीकधी पान कोरं होतं. तोच एक मार्ग ठेवलेला असेल तर मजकूर आधी दुसरीकडे लिहा, तिथून चिकटवा, पाठवण्याआधी आणि पाठवल्यानंतर स्क्रीनशॉट घ्या आणि तक्रार क्रमांक वहीत उतरवा.

तक्रारी कशा हाताळाव्यात याचं एक आंतरराष्ट्रीय मानकही आहे, आयएसओ १०००२. ते २००४ साली आलं आणि २०१८ साली त्याची नवी आवृत्ती निघाली. तक्रार मिळाल्याचं लगेच कळवावं आणि तिचा माग ठेवावा, असं त्यात सांगितलं आहे. ते पाळणं बंधनकारक नाही, पण मोठ्या कंपन्यांची स्वतःची लेखी तक्रार प्रक्रिया बहुधा असते. ती मागून घ्या. तिच्यातल्या मुदती त्यांनीच ठरवलेल्या असतात, त्यामुळे त्यांची आठवण करून देणं सोपं जातं.

उत्तर आल्यावर, किंवा न आल्यावर

‘तक्रार नोंदवली आहे’ हे उत्तर नव्हे, ती पोच आहे. तुमची मुदत चालूच राहते.

अर्धा देकार आला तर घाई करू नका. पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन देऊ करणं हा नेहमीचा प्रकार आहे. ज्या दुकानात पुन्हा पाऊल टाकायचं नाही, तिथलं कूपन म्हणजे परतावा नव्हे, आणि तसं स्पष्ट कळवता येतं. देकाराच्या पत्रात ‘संपूर्ण व अंतिम तडजोड’ असे शब्द आहेत का ते बघा. त्यावर सही केली की पुढचं काही मागण्याचा रस्ता बहुधा बंद होतो. अंशतः रक्कम घ्यायचीच असेल तर ‘उर्वरित मागणीचा हक्क राखून ही रक्कम स्वीकारत आहे’ असं लेखी कळवा, पण अंतिम तडजोडीचा कागद समोर असेल तर आधी जाणकाराला दाखवा.

मुदत टळली तर दुसऱ्याच दिवशी स्मरणपत्र पाठवा. तीन ओळींचं: मूळ पत्राची तारीख, मुदत संपल्याची तारीख आणि आता सात दिवस. त्याच ईमेलच्या उत्तरात पाठवा, म्हणजे मूळ पत्र खाली दिसत राहील. सगळी कहाणी पुन्हा सांगू नका. नवीन शब्दांत सांगितलं की दोन पत्रांत लहानसा फरक पडतो आणि पुढे नेमका त्यावरच वाद होतो.

त्यानंतर कंपनीबाहेर पडायचं. बँक, विमा, दूरध्वनी, वीज यांसारख्या सेवांना अनेक देशांत स्वतंत्र लोकपाल किंवा नियामक असतात. ते आधी कंपनीकडे लेखी तक्रार केली होती का, किती दिवस वाट पाहिली, हे विचारतात. तुमचं पत्र आणि पोचपावती हेच त्याचं उत्तर. कार्डानं पैसे दिले असतील आणि वस्तू आलीच नसेल किंवा वर्णनाप्रमाणे नसेल, तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे चार्जबॅकची, म्हणजे तो व्यवहार उलटवून पैसे परत मिळण्याची, मागणी करता येते. तिची मुदत मर्यादित असते, म्हणून कंपनीच्या उत्तराची वाट बघत ती घालवू नका. आपल्या बँकेला पहिल्या आठवड्यातच तारीख विचारून ठेवा. न्यायालयात दावा लावण्यालाही कालमर्यादा असते, आणि नुसती पत्रापत्री चालू ठेवल्यानं ती वाढेलच असं धरून चालू नये.

समाजमाध्यमांवर लिहायचं असेल तर पत्राची मुदत टळल्यावर लिहा, आणि पत्रात आहे तेवढंच लिहा. ऑर्डर क्रमांक, फोन नंबर, पत्ता, बिलाचा फोटो तिथे टाकू नका. अशा जाहीर तक्रारींवर लक्ष ठेवून कंपनीच्या नावानं तुम्हाला निरोप पाठवणारे ठग असतात आणि चिडलेला, परताव्याची वाट बघणारा माणूस त्यांना सहज सापडतो. कंपनीकडून निरोप आला तर त्यातल्या दुव्यावर न जाता स्वतः तिच्या वेबसाइटवर जाऊन खात्री करा.

मागणी मान्य झाली, तर वस्तू किंवा पैसे प्रत्यक्ष हातात येईपर्यंत फाइल बंद करू नका. आल्यावर एक ओळीचं पत्र पाठवा: अमुक तारखेला अमुक मिळालं, तक्रार क्रमांक अमुक माझ्याकडून बंद. वस्तू बदलून मिळाली असेल तर त्याच पत्रात विचारून घ्या की नव्या वस्तूची वॉरंटी आजपासून नव्यानं सुरू होते की जुनीच पुढे चालते, आणि नवा सीरियल नंबर त्यांच्या नोंदीत चढला का. आईच्या नव्या यंत्राच्या वेळी हे मी विचारलं. त्यांच्या नोंदीत जुनाच नंबर होता. तो बदलून घ्यायला एक ईमेल पुरला, कारण बाकी सगळे कागद एकाच फाइलीत क्रमानं लावलेले होते.